ळ संपला की

म्हापशाला, बाजाराच्या मागच्या गल्लीत,
जिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात,
तिथं आमचा छापखाना होता.
मी जुळारी. स्टिक डाव्या हातात, खिळा उजव्या,
आणि वाचायचं सगळं उलटं.

लवीना कुतिन्हो आली ती लॅपटॉप घेऊन.
दोन पत्रकं, सदुसष्टच्या जानेवारीतली, दोन्ही निनावी.
एकाचं म्हणणं फूल, एकाचं दोन पानं.
एक म्हणतं महाराष्ट्रात चला,
एक म्हणतं आपलं घर आपण झाडू.
दोन्ही मराठीतच कशी, हे तिला नवल.
मला नाही वाटलं. आम्ही देवाशी मराठी बोलायचो
आणि मांजराशी कोंकणी,
आणि भांडण ज्या भाषेत सुरू होई
त्याच भाषेत मिटेल असं काही नसे.

तिनं शब्द मोजले होते.
'पण' किती, 'आणि' किती, 'तर' कुठल्या टोकाला.
मोठे शब्द माणूस ठरवून लिहितो, म्हणाली,
बारीक शब्द त्याच्या हातून सांडतात,
तिथं तो सापडतो.
पडद्यावर दोन ठिपके, एकमेकांना खेटून.
"आजोबा, हा एकच माणूस आहे.
दोन्हींत तिसऱ्या परिच्छेदानंतर ळ येतच नाही."

मी हसलो, मग खोकलो, मग तिनं पाणी दिलं.

बाय, आमच्याकडे ळ होते एकशे दहा.
एका पत्रकात वेगळे, वेगळे.
दुसऱ्यात सगळे, सगळे.
दोन्ही फर्मे एकाच रात्री मशीनवर.
ळ संपला की मालक म्हणत, भागव.
मी भागवायचो.
वेळचा समय केला. सगळेचं सर्व.
जवळ होतं तिथं निकट बसवलं, लग्नपत्रिकेसारखं.
आणि वेगळे,
वेगळेच्या जागी मी स्वतंत्र घातलं.
ओळ नीट भरली, बरं वाटलं.
आठवड्यानं शिवोलीच्या सभेत
कोणीतरी माइकवरून ओरडला: स्वतंत्र!
आणि माणसं उभी राहिली.
लिहिणाऱ्याला वेगळी चूल हवी होती.
मी त्याला अख्खं घर दिलं,
खिळे नव्हते म्हणून.

"मग खरे लेखक कोण?"
नावं मी सांगितली नाहीत. एक शाळामास्तर,
एक माझ्या बहिणीचा दीर. दोघंही गेले.
दोघंही छापलेलं वाचून म्हणाले होते,
वा, काय उतरलंय!

मतदानाच्या रांगेत आईनं मोठ्यानं विचारलं,
"फुलाक पानां आसनात काय रे?"
पोलिसानं तिला गप्प केलं.
ते वाक्य कुठल्याच पत्रकात आलं नाही.
ते मोजायचं तर कसं, सांग.

लवीनाच्या घरी रोमी.
तिचे आजोबा आमच्याकडूनच छापून नेत,
आणि त्यांचा ळ कधी संपत नसे:
दोन एल शेजारी ठेवले की झाला.
मला हेवा वाटायचा.
पुढं कायदा झाला. देवनागरी आत गेली,
मराठीला पाट मिळाला, जरा कडेला,
आणि ते दोन एल ओसरीवरच राहिले.
मालकांनी रोमीच्या पेट्या भंगारात विकल्या.
वजन करून दिलं त्यानं. सतरा किलो.

जाताना तिनं फॉर्म काढला, संमतीचा, इंग्रजीत.
नाव विचारलं. जिवबा सावळ.
तिनं लिहिलं, आणि मी चष्मा लावून वाचलं:
सवाल.
राहू दे म्हटलं. या वयात शोभतं.
ती पेन धरून थांबली.
मग शेवटच्या एलशेजारी, जागा नव्हती तरी दाटीवाटीनं,
आणखी एक एल उभा केला.